सुनेला द्यायचं नाव

"थांबा! अहो, हात थांबवा आधी… कुणाला विचारून खरवडताय ती भिंत?"

डोक्यावर ओल्या लाल मातीचं घमेलं, घमेल्याखाली गवताची चुंबळ, ओढ्यापासूनचा चढ चढून छाती भात्यासारखी वरखाली होतेय, आणि मा-मोहाउ आपल्याच अंगणाच्या तोंडाशी उभी राहून ओरडत होती. उभ्या जन्मात जिचा आवाज शेजारच्या घरी गेला नाही, ती बाई! हा-रामोसी गावातली कोंबडीसुद्धा जिला घाबरत नाही, ती!

पण समोरचं दृश्यच तसं होतं. दाराच्या उजव्या अंगाची भिंत अर्धी नागडी पडली होती. दरवर्षी मळणी उरकली की शेण-मातीनं सारवून, ओल्या लिंपणावर काट्यानं एकेक रेघ ओढून ती जी नक्षी काढायची, नांगरलेल्या शेतासारख्या रेघा आणि त्यांच्या मधोमध चार पाकळ्यांचं फूल, तिच्या आईची नक्षी, आईच्या आईची नक्षी… ती गवंड्याच्या फावड्याखाली ढलप्याढलप्यानं गळून पडत होती. घरचा कुत्रा डेंजर त्या ढिगाऱ्यात नाक खुपसून हुंगत होता. नाव डेंजर, आणि भितो मांजरीला!

"मला कशाला ओरडता, म्मे?" गवंडी खांदे उडवत म्हणाला. "मोहाउनं सांगितलं, माती काढा, सिमेंटचा गिलावा मारा. मी आपला हुकुमाचा ताबेदार."

"मोहाउनं?… माझ्या मोहाउनं?"

तेवढ्यात मोहाउ रंगाचा डबा घेऊन आतून आलाच. मासेरू शहरातल्या गॅरेजातली नोकरी, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि डोळे मात्र आईच्या डोळ्यांना चुकवून थेट त्या कुत्र्यावर. त्याच्या मागून चहाचे कप घेऊन तिची धाकटी जाऊ मा-पुलेंग आली.

"म्मे-मोहोलो, तुला सांगणारच होतो…" तो पुटपुटला.

मा-मोहाउच्या कानात जणू कुणी उकळतं तेल ओतलं! म्मे म्हणजे आई; परकाही वडीलधाऱ्या बाईला मानानं तसंच म्हणतो. म्मे-मोहोलो म्हणजे थोरली आई, चुलती. बोबडं बोलायला लागल्यापासून या पोरानं तिला कधी 'म्मे'शिवाय हाक मारली नव्हती. तापानं फणफणलेला असताना 'म्मे', शाळेत मार खाऊन आला तेव्हा 'म्मे', पहिला पगार तिच्या हातावर ठेवताना 'म्मे'… आणि आज, गवंड्यासमोर, ती चुलती झाली!

"मातीची भिंत पावसात धुऊन जाते, थोरली," मा-पुलेंग कप ठेवत म्हणाली. "होणाऱ्या सुनेच्या, दिम्पोच्या, माहेरची माणसं शहरातली. तिचे वडील हेडमास्तर होते. ती माणसं काय शेणाच्या भिंतीकडे बघून पोरगी पाठवणार?"

"मी लग्नासाठी माती आणलीय," मा-मोहाउ एवढंच बोलली. "कालच्यापेक्षा चांगली लागली. तेलासारखी मऊ आहे."

तिनं घमेलं उतरवलं, त्यावर ओलं पोतं टाकलं, म्हणजे माती वाळू नये, आणि ते मागच्या स्वैपाकाच्या झोपडीच्या सावलीत नेऊन ठेवलं. का ठेवलं, तिलाच ठाऊक. आशा वेडी असते!

आता हे घर काय आहे ते सांगितल्याशिवाय तुम्हाला या बाईचं काळीज कळायचं नाही. आमच्याकडे सून घरात आली की तिचं माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर राहतं. सासरची माणसं तिला नवं नाव देतात, आणि तेही व्हायच्या बाळावरून: अमक्याची आई, म्हणजे मा-अमका. बाळाचा अजून पत्ता नाही, पण आई आधी तयार! आणि ते नाव बहुधा घरातल्या कुणा वडीलधाऱ्याचं असतं, म्हणजे त्या माणसाचं नाव नातवंडाच्या रूपानं पुन्हा एकदा घरभर रांगायला लागतं.

माहेरी ती होती खोपोत्सो. खोपोत्सो म्हणजे आठवण. या घरात आली तेव्हा सासूनं मेंढी कापली, पहिला घास तिच्या तोंडात घातला, कणसांच्या नक्षीची तांबडी घोंगडी तिच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "आजपासून तू मा-मोहाउ." आजेसासऱ्यांचं नाव मोहाउ होतं. घास, घोंगडी आणि नाव, या तिन्हींना मिळून आम्ही कोआए म्हणतो. कोआए झाल्याशिवाय सून त्या घरच्या मांसाला शिवत नाही, आणि कोआए झाला की ती त्या घरची.

मोहाउची आई झाली खरी… पण मोहाउ येईना! वर्षं गेली. मुळ्या झाल्या, काढे झाले, चर्चमधल्या प्रार्थना झाल्या. कूस रितीच राहिली. मग धाकट्या दिराचं लग्न झालं, धाकटी जाऊ आली मा-पुलेंग, आणि तिला पहिल्या फटक्यात मुलगा! सासूनं पोराला हातात घेतलं आणि निकाल देऊन टाकला: "नाव थोरलीचं आहे, तर पोरगंही थोरलीचं." मोहाउचं अंगावरचं दूध तुटलं त्या दिवशी मा-पुलेंगनं त्याला आणून मा-मोहाउच्या मांडीवर ठेवलं. रडली नाही. फक्त म्हणाली, "त्याला नीट पांघरूण घाल. त्याचे पाय गार पडतात." आणि पाठ फिरवून चालायला लागली. मग नवऱ्यापाठोपाठ ती सरहद्दीपलीकडे, सोन्याच्या खाणींच्या गावी गेली, आणि परक्यांच्या घरी धुणीभांडी करत तिकडेच आयुष्य काढलं. मुलगी पुलेंग तिकडेच जन्मली, तिकडेच दिल्याघरी गेली.

ख्रिसमसला मा-पुलेंग मिठाई घेऊन यायची, तर मोहाउ मा-मोहाउच्या झग्याआड लपायचा. आणि खोटं कशाला सांगा, मा-मोहाउला तेव्हा आतल्या आत गुदगुल्या व्हायच्या.

त्याच तांबड्या घोंगडीत तिनं त्याला पाठीशी बांधून वाढवलं. भिंत सारवताना तो मातीचे गोळे करून तिच्या हातात द्यायचा. एकदा, असेल सात वर्षांचा, विचारतो कसा, "म्मे, तुझं खरं नाव काय गं?"

"खोपोत्सो."

"मग माझ्या बायकोचं नाव मा-खोपोत्सो! मग मला मुलगी होणार, तिचं नाव खोपोत्सो, आणि मी तिला रागावणार. 'खोपोत्सो, दूध पी! खोपोत्सो, शेंबूड पूस!'"

केवढी हसली होती ती! हसताहसता डोळे भरून आले होते. निपुत्रिक बाईचं नाव तिच्याबरोबर मातीत जातं, हे कुणी तिला सांगायला नको होतं. पण या पोराच्या तोंडून तिचं नाव परत येणार होतं. त्या एका वाक्यावर तिनं नवऱ्याचं मरण सोसलं, दुष्काळ सोसले, एकटेपण सोसलं. तिला दुसरं काही नको होतं. पत्र्याचं छप्पर नको, सिमेंट नको… फक्त एक चिमुरडी अंगणात धावावी आणि कुणीतरी तिला 'खोपोत्सो' म्हणून हाक मारावी!

दोन वर्षांपूर्वी मा-पुलेंग विधवा होऊन परत आली. येताना साठवलेली पुंजी आणली, पत्रे आणले, आणि छातीत इतकी वर्षं कोंडलेलं काहीतरी आणलं. तिनं एकदाही थोरल्या जावेला 'मा-मोहाउ' म्हणून हाक मारली नाही. सगळा गाव म्हणे, पण ही म्हणायची 'थोरली'. मोहाउची आई म्हणून दुसऱ्या बाईला हाक मारायला तिची जीभ वळत नव्हती.

तर, भिंतींना सिमेंट लागलं. सिमेंटवर पिवळा तेलरंग लागला. गवताचं शाकार उतरलं, पत्रे चढले. मा-मोहाउची खाट "तात्पुरती" म्हणून मागच्या स्वैपाकाच्या झोपडीत गेली. आमच्याकडे तात्पुरतं म्हणून जे मागे जातं ते पुन्हा पुढे येत नाही, हे डेंजरलाही माहीत होतं. तो बिचारा आपलं फाटकं पोतं तोंडात धरून तिच्या मागोमाग झोपडीत राहायला गेला.

लग्नाच्या आठवड्यात राखादी आली. राखादी म्हणजे बापाची बहीण, मोहाउची आत्या. आमच्याकडे घरात पुरुष नुसतेच मिशा पिळतात, शब्द चालतो तो आत्याचा. तपकीर ओढत तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "हं, सुनेला नाव काय द्यायचं ठरलंय?"

मा-मोहाउ ज्वारीच्या बियरचं मडकं ढवळत होती. तिचा हात थांबला. तिनं मोहाउकडे बघितलं.

"मा-सेलोआने," मा-पुलेंग म्हणाली. "माझं माहेरचं नाव सेलोआने. जन्म मी दिलाय त्याला."

"मोहाउ?" राखादीनं विचारलं.

मोहाउ जमिनीकडे बघत म्हणाला, "म्मे म्हणतेय तसं."

म्मे! पण आता ती हाक दुसरीच बाई घेऊन गेली होती.

"चांगलं नाव आहे," मा-मोहाउ म्हणाली. मडक्यावर झाकण ठेवलं, हात पुसले आणि झोपडीत जाऊन दार लोटून घेतलं. मग मात्र तिचा बांध फुटला! तोंडात घोंगडीचा बोळा कोंबून ती रडली. 'अरे पोरा, भिंत खरवडलीस, सोसलं. खाट मागे टाकलीस, सोसलं. पण ते नाव तूच मला दिलं होतंस रे… मी मागितलं नव्हतं! आपणहून दिलेलं काढून घेताना तुझा हात कसा रे थरथरला नाही?' डेंजर येऊन तिच्या पावलांवर डोकं टेकून पडला, आणि तिनं त्यालाच जवळ ओढलं.

नवरी आली ती दिवेलागणीला. डोंगरावरून असा बोचरा वारा सुटला होता की गायीसुद्धा एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. नवरीला नव्या पिवळ्या खोलीत पडद्याआड बसवलं. पाठराखणींसाठी मेंढी कापली. नवरीचा कोआए सकाळी, गावासमोर, मा-पुलेंगच्या हातून व्हायचा होता. त्यासाठी निळी कोरी घोंगडी कागदात गुंडाळून ठेवली होती. मा-मोहाउला सांगितलं होतं, तू चुलीकडे बघ.

ती चुलीकडेच बघत होती. एवढ्यात झोपडीचं दार किलकिलं झालं आणि एक पोरगी आत शिरली. नवा झगा, डोक्याला रुमाल, ओठ निळे, आणि दातावर दात वाजतायत.

"म्मे… जरा बसू का चुलीजवळ? ती खोली म्हणजे नुसतं थडगं आहे हो! पत्र्यातून थंडी गळतेय. आणि त्या रंगाच्या वासानं मला सारखं मळमळतंय. दुपारपासून पोटात काही नाही."

"अगं बाई! दिम्पो ना तू? ये, ये इकडे. नवरीला असं कुडकुडत ठेवतात का कुणी!"

मा-मोहाउनं काही विचार केला नाही. विचार करण्यासारखं होतंच काय? पोर काकडली होती. तिनं आपल्या खांद्यावरची तांबडी घोंगडी काढली आणि पोरीला गुंडाळली, अगदी पायाच्या अंगठ्यापर्यंत. निखाऱ्यावर भाजत असलेल्या मेंढीच्या काळजाचा तुकडा फुंकून गार केला आणि तिच्या हाताला चटका नको म्हणून सरळ तोंडात घातला.

पोरीनं डोळे मिटून घास गिळला. गालांवर जरा रंग आला. झोपडीच्या आतल्या भिंतीवर चुलीच्या उजेडात जुनी नक्षी दिसत होती. तिथं गवंड्याचं फावडं पोचलं नव्हतं.

"किती सुरेख!" दिम्पो म्हणाली. "माझ्या आजीकडे अशी भिंत होती. मी लहानपणी बोटं फिरवत बसायची. ही कुणी काढली?"

"मीच."

"तुम्ही म्हणजे… हां, मोहाउ बोलले होते. आमच्याकडे मागे घर सांभाळणारी एक म्हातारी बाई असते, असं म्हणाले होते."

चुलीतलं लाकूड तडकलं. मा-मोहाउच्या हातातली सांडशी तशीच हवेत राहिली. घर सांभाळणारी बाई!… चुलतीसुद्धा नाही. नात्यातली कुणी नाही. पगारी नोकर! ज्याचे गार पाय तिनं स्वतःच्या पोटाशी धरून निजवले, त्यानं तिला नात्यातूनच पुसून टाकलं होतं, पोतेऱ्यानं चूल पुसावी तसं! हे परमेश्वरा… विश्वासघात परका करतो तेव्हा निदान शिव्या तरी देता येतात.

"काय झालं, म्मे? मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही गं बाळा. धूर गेला डोळ्यात. तू खा. अजून एक घास घे."

दुसरा घास दिम्पोच्या ओठाशी नेला आणि तेवढ्यात दार उघडून राखादी आत आली, पाइपला निखारा घ्यायला. तिनं नवरीच्या खांद्यावरची घोंगडी बघितली. तोंडातलं मांस बघितलं. पाइप तिच्या हातातून खाली पडला.

"अगं मा-मोहाउ… हे काय करून बसलीस तू! कोआए केलास की गं!"

मा-मोहाउला क्षणभर अर्थच लागेना. मग तिची मान हळूहळू घोंगडीकडे वळली. ज्या बाईला सगळ्यांनी मिळून पटवलं होतं की तू या घरात कुणीच नाहीस, तिच्या मनात कसं यावं की तिच्या घासाला आणि घोंगडीला अजून काही किंमत आहे?

सकाळी अंगणात गाव जमला आणि एकच गलका झाला. निळी घोंगडी हातात धरून मा-पुलेंग उभी होती.

"मुद्दाम केलंस!" ती ओरडली. "थोरली, तू ठरवून केलंस! चोरासारखं, अंधारात, माझ्या सुनेला…"

"मुद्दाम नाही गं," मा-मोहाउ म्हणाली. "पोर काकडली होती."

"चुकून झालंय ते, राखादी!" मोहाउ पुढे आला. "ते धरायचं नाही. पुन्हा करू. ती तर नुसती…"

"नुसती काय?" राखादीनं काठी आपटली. "कोआए एकदाच होतो. सून दोनदा जन्माला येते का? ज्या हातानं घास दिला, त्याच हातानं नाव द्यायचं. आणि तू वाक्य पुरं कर, मोहाउ. ती नुसती काय?"

तेव्हा घोंगडीतून एक बारीक आवाज आला. नव्या नवरीनं बोलायचं नसतं. पण दिम्पो बोलली, नवऱ्याच्या नावाआधी मानाचं 'न्ताते' लावून.

"न्ताते मोहाउ, तुम्ही मला सांगितलं होतं, ती घर सांभाळणारी बाई आहे म्हणून. मग सगळे तिला मा-मोहाउ का म्हणतात?"

राखादीची काठी मोहाउकडे वळली.

"तुझ्या वडिलांनी विचारलं असतं, जन्म देणारीनं तुला का दिलं…" मोहाउ पुटपुटला. "दोन आया कशा सांगायच्या? मला लाज वाटली."

"कसली लाज?" मा-मोहाउच्या तोंडून शब्द असा बाहेर पडला की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "कसली लाज, मोहाउ? माझ्या हाताला शेणाचा वास येतो, त्याची? त्याच हातानं तुला भरवलं रे! चुलती म्हणालास, मी गिळलं. नाव काढून घेतलंस, गिळलं. पण मोलकरीण? मी तुझ्याकडून कधी काय मागितलं होतं रे? एक 'म्मे' म्हणायचास, तेवढ्यावर तर जगत होते मी!"

मोहाउनं तोंड ओंजळीत लपवलं. पण सगळ्यांत मोठा हुंदका आला तो भलतीकडूनच. मा-पुलेंगच्या हातातली निळी घोंगडी मातीत पडली होती.

"असं सांगितलंस तू?" ती मुलाच्या अंगावर धावून गेली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारायला लागली. "घर सांभाळणारी बाई मी होते रे! मी! परक्यांच्या पोरांचे पाय धुतले मी, त्यांच्या आयांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. ए बाई, इकडे ये. ए बाई, तिकडे जा. तो शब्द तू हिला लावलास? माझ्या पोराचे पाय जिनं माझ्याऐवजी ऊबेत ठेवले, तिला?… मला तुझी आई व्हायचं होतं, मोहाउ. पण असं नव्हतं रे व्हायचं!"

कुणीतरी तिला धरून बसवलं. राखादीनं डोळे पुसले, घसा खाकरला.

"मा-मोहाउ. नाव दे."

सगळ्यांच्या ओठांवर एकच नाव होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं ते? मोहाउ स्वतःच गुडघे टेकून म्हणाला, "म्हण, म्मे. मा-खोपोत्सो म्हण. मी शब्द दिला होता."

मा-मोहाउ सुनेसमोर उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर ती चिमुरडी आली, अंगणात धावणारी, शेंबडी, 'खोपोत्सो' म्हटल्यावर वळून बघणारी… इतकी जवळ की हात लावावा! तोंड उघडलं की झालं. आयुष्यभराचं मागणं जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं.

तिनं मान वळवून मा-पुलेंगकडे बघितलं. जमिनीवर बसलेली, केस पिकलेले, साबणानं खाल्लेले हात मांडीवर उलटे पडलेले. तशीच मांडी एकदा रिती करून ही बाई उठली होती, आणि म्हणाली होती, त्याचे पाय गार पडतात.

मा-मोहाउनं घोंगडीचं टोक सुनेच्या खांद्यावर सारखं केलं.

"आजपासून तू मा-सेलोआने," ती म्हणाली.

"अगं काय बोलतेस!" राखादी ओरडली.

"बोलले ते बोलले, राखादी. कोआए एकदाच होतो, तूच म्हणालीस." तिनं मा-पुलेंगकडे बोट केलं. "हिच्या मांडीवरचं पोर उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, तेव्हा हिला कुणी विचारलं नव्हतं. मला आज निदान विचारलं तरी. पोर तिनं दिलं, नाव मी देते. फिटलं असं नाही म्हणत मी… फिटत नाही ते. पण राहू दे तिचं नाव घरात."

मोहाउ रांगत येऊन तिच्या पायांशी पडला. "म्मे, मला माफ कर… एकदा माफ कर गं!"

"नाही," ती म्हणाली. सगळे चपापले. तिनं त्याच्या डोक्यावर हात मात्र ठेवला. "आज नाही, बाळा. आज तो शब्द माझ्या तोंडी येत नाही, आणि खोटं मला बोलता येत नाही. येईल तेव्हा सांगेन. तोवर बूट काढ."

"बूट?"

"बूट काढ, विजार वर घे, आणि माती तुडव. रोज पाणी शिंपडत आलेय, घमेल्यात अजून ओली आहे. माझ्या झोपडीची बाहेरची भिंत सारवायची राहिलीय. पुढची तर तू घालवलीसच."

गावात हशा पिकला, रडक्या तोंडांनी पिकला. इस्त्रीच्या विजारीचा नवरदेव शेणामातीत घोट्यापर्यंत उतरला, आणि डेंजर त्याच्याभोवती भुंकत नाचायला लागला, जणू चोर सापडला! मा-सेलोआनेनं, म्हणजे आपल्या दिम्पोनं, घोंगडी कमरेला बांधली आणि काटा मागून घेतला. तिची पहिली रेघ अशी वाकडी गेली की राखादीनं कपाळाला हात लावला. मा-मोहाउनं तिचा हात हातात धरून दुसरी रेघ ओढली. पाकळी कुठून सुरू करायची, ते दाखवलं.

मा-पुलेंग बराच वेळ लांबच बसून होती. मग उठली. विहिरीवरून पाण्याची बादली भरून आणली, बाह्या सारल्या, आणि जावेच्या शेजारी येऊन उभी राहिली. दोन वर्षं जो शब्द तिच्या घशाशी अडला होता, तो तिनं वर आणला.

"मा-मोहाउ," ती म्हणाली, "पाणी एवढं पुरे, की अजून ओतू?"

मा-मोहाउचा मातीचा हात भिंतीवर तसाच थांबला. तिनं वळून बघितलं नाही, कारण वळली असती तर तिथंच कोसळली असती.

"अजून थोडं ओत," ती म्हणाली.